दुसऱ्याची पाटी

बकुळेला वाचता येत नाही, हे मला गिरगावात, माझ्या मावसबहिणीच्या हळदीकुंकवाला, दहा-बारा बायकांच्या देखत कळलं.

बकुळा माझी थोरली. तेव्हा आठ वर्षांची. परळला आमच्या चाळीसमोरच म्युनिसिपालिटीची शाळा, तिथे तिसरीत होती. साल छप्पन्न. जानेवारीत मुंबई महाराष्ट्राला मिळणार नाही असं जाहीर झालं, मग गोळीबार झाले, कर्फ्यू लागला, शाळा कितीतरी दिवस उघडल्याच नाहीत. ते जरा निवल्यावर, रथसप्तमीच्या आत एकदा जाऊन यावं म्हणून मी तिला घेऊन ट्रामने मावसबहिणीकडे, राधाकडे गेले. राधाचा मुलगाही तिसरीतलाच. त्याने मुलांचं एक मासिक आणून बकुळेपुढे धरलं. राधा म्हणाली, वाच गं, तुझ्या वाचनाचं आजीकडून फार ऐकलंय.

बकुळा ताठ बसली. मासिक दोन हातांत धरलं, घसा साफ केला आणि सुरू झाली.

"मुंबई, तारीख पाच. आमच्या बातमीदाराकडून. काल संध्याकाळी नदीकाठच्या झाडावर वानरांची प्रचंड सभा भरली. सभेला मगरीही मोठ्या संख्येने हजर होत्या. अध्यक्षस्थानी..."

बायका हसायला लागल्या. राधाच्या मुलाने मान वाकडी करून पानात पाहिलं. पानावर माकडाचं आणि मगरीचं चित्र होतं. तो म्हणाला, "आई, हे असं इथं कुठंच नाहीये." मग हसणं वाढलं. मी म्हटलं, बकू, बोट ठेवून पहिली ओळ वाच. तिने बोट ठेवलं, आणि डोळे पुन्हा चित्राकडे नेले.

परत येताना ट्राममध्ये तिने मला विचारलं, "आई, सगळे हसले म्हणजे मी छान वाचलं ना?"

एकोणीसशे सत्तेचाळीस साली मी बी. ए. झाले, आमच्या चाळीतली एकुलती एक ग्रॅज्युएट बाई. कुणाला पत्र लिहायचं असो, कुणाच्या औषधाच्या बाटलीवरचं वाचायचं असो, लोक माझ्या दारात येत. आणि माझीच मुलगी.

हे झालं कसं, ते मला त्या वेळी समजलं नव्हतं. आमच्या चाळीत पेपर हा ऐकायचा असतो. माझे यजमान, रमाकांत परब, गिरणीत टाइमकीपर. कामावरून आले की गॅलरीत खुर्ची टाकत आणि मोठ्याने पेपर वाचत. पहिल्या पाळीची माणसं कठड्याला टेकून, जिन्यावर बसून ऐकत. त्या दिवसांत तर प्रत्येक ओळ दोनदा वाचायला लागे. बकुळा यांच्या गुडघ्याला चिकटून असे. सकाळी तोच पेपर हातात धरून आजीला सगळं जसंच्या तसं सांगे, स्वल्पविरामासकट. माझ्या सासूबाई, सुंदराबाई, मालवणच्या. त्यांना अक्षरओळख नाही. त्या नातीकडे बोट दाखवून साऱ्या मजल्याला सांगत, "आमचा चेडू पेपर वाचता, रेडिओक सुदिक जमाचा नाय तसो." शाळेच्या पुस्तकातला धडाही ती असाच घडाघडा म्हणे. मी स्वयंपाक करता करता ऐके आणि मनात म्हणे, चला, एक काळजी मिटली.

पाढ्यांचंही तेच निघालं. त्या संध्याकाळी मी विचारलं, सात नव्वे? तिने सातचा पाढा सुरुवातीपासून गायला आणि त्रेसष्टला थांबली. मग विचारलं, नऊ मुलांना सात सात बोरं द्यायची तर किती लागतील? तिने फळीवर, डब्यांमागे बघितलं. मग म्हणाली, "कुठली बोरं?"

दुसऱ्या दिवशी मी तिचं वेळापत्रक काढून बसले. वाचन रोज एक तास, गणित रोज एक तास. बाकी काय? भूगोल, इतिहास, चित्रकला, गाणं, सामान्य विज्ञान, आणि टकळीवर सूत काढणं. वर्गाच्या खिडकीत करवंट्यांतून वाल रुजत घातलेले. भिंतीवर नकाशा, आणि त्या नकाशावर मुलं बेळगाव कुठे, कारवार कुठे म्हणून काठ्या टेकवत असत. एप्रिलमध्ये परीक्षा. त्यातून जानेवारी गेलेला. मला वाटलं, घर जळतंय आणि ही माणसं दारात रांगोळी काढताहेत.

मी अर्ज लिहिला. तो अजून मला पाठ आहे: "वाचन व गणित या दोन विषयांखेरीज अन्य विषयांचे तास वार्षिक परीक्षेपर्यंत तहकूब ठेवावेत, व तो सर्व वेळ वाचन व गणित यांस द्यावा, ही नम्र विनंती." सह्यांसाठी मी मजल्यामजल्यावर फिरले. सीताराम घाडी, गिरणीत साच्यावरचा कामगार, त्याचा भिवा बकुळेच्याच वर्गात. सीतारामने माझ्या हातातला कागद न वाचताच सही केली आणि म्हणाला, "वहिनी, बाप खात्यात सुतात, पोरगा शाळेत सुतात. मग शाळेची पायरी तरी कशाला? माझ्याबरोबरच आणतो ना त्याला पाळीला." सगळे हसले आणि पटापट सह्या-अंगठे पडले. अडतीस झाले.

एक गोष्ट इथे लपवायची नाही. वर्गाचे शिक्षक दौलत मर्चंडे गुरुजी नायगावच्या बी. डी. डी. चाळीत राहणारे. कुणीतरी सही करता करता म्हणालं, मास्तर त्यांच्यातला आहे ना, मग सूतच कातायला लावणार, दुसरं काय शिकवणार. मी ते ऐकलं. माझा अर्ज त्यासाठी नव्हता, असं मी मनाशी म्हटलं, आणि कागद पुढच्या दारात नेला. काही बोलले नाही.

हेडमास्तर चिंतामणी केळुसकरांना अर्ज आवडला. बुडलेले दिवस कसे भरून काढायचे याची त्यांनाही धास्ती होतीच. चार दिवसांत वेळापत्रक बदललं. चार तास वाचन, तीन तास गणित. नकाशा गुंडाळून कपाटावर गेला, टकळ्या पोत्यात गेल्या. मर्चंडे गुरुजींनी काही हरकत घेतली का, असं मी केळुसकरांना विचारलं. ते म्हणाले, छे, अर्ज मागून घेतला, वाचला, परत दिला, बरं म्हणाले.

घरी मी माझी शाळा सुरू केली. संध्याकाळी धडा घेऊन बसायचं. मी एक ओळ वाचायची, बकुळेने ती म्हणायची. पुन्हा मी, पुन्हा ती. तीन दिवसांत एक धडा पक्का. मी पुस्तक मिटलं तरी तिचं वाचन चालू, एवढा पक्का. मधूनच एखाद्या शब्दावर बोट ठेवून विचारलं की तिचा चेहरा असा होई, जसं मी तिला अंधाऱ्या जिन्यात एकटीला सोडलंय. मग मी चिडायची, ती मुकाट्याने रडायची. सकाळी शाळेच्या वेळेला तिच्या पोटात दुखू लागलं. सासूबाई ओवा चोळत आणि माझ्याकडे न बघता बडबडत, "पोटाक पण घड्याळ कळता गो बाये."

असे दोन-अडीच आठवडे गेले. एके दिवशी लक्षात आलं की पोटात दुखणं थांबलंय. कधी थांबलं ते मी पाहिलंच नव्हतं, आणि मी तर सगळं पाहणारी बाई. त्याच संध्याकाळी बकुळा हात पसरून खोलीची भिंत मोजत होती. मला म्हणाली, "आई, आपली खोली अडीच तार लांब आहे. चार फुटांची एक तार. म्हणजे दहा फूट. भिवाची पण दहाच."

तार म्हणजे टकळीवरच्या सुताचं माप. टकळ्या पोत्यात गेल्या होत्या, तर ही तार आली कुठून?

मला जो राग आला, तो सांगता येत नाही. आपण एवढा आटापिटा करायचा, लोकांच्या सह्या गोळा करायच्या, आणि या माणसाने आपला कागद केराच्या टोपलीत टाकून मुलांना पुन्हा सूत कातायला बसवायचं. दुसऱ्या दिवशी धाकट्या शरच्चंद्राला सासूबाईंपाशी ठेवलं आणि दुपारी शाळेत गेले. आत शिरायच्या आधी काय चाललंय ते डोळ्यांनी बघावं म्हणून व्हरांड्यात, खिडकीच्या कडेला उभी राहिले.

फळ्यावर लिहिलं होतं: वाचन. मुलं ओळीने बसली होती, प्रत्येकापुढे पाटी. खिडकीत करवंट्या परत आल्या होत्या, नकाशा भिंतीवर होता. गुरुजी पन्नाशीकडे झुकलेले, सडपातळ, धोतर आणि बंद गळ्याचा कोट. त्यांनी टाळी वाजवली. सगळ्या मुलांनी आपापल्या पाट्या मागच्याला दिल्या, मागच्याने त्याच्या मागच्याला, असं तीनदा झालं. प्रत्येकापुढे आता दुसऱ्याच कुणाची तरी पाटी होती.

"बकुळा परब," गुरुजी म्हणाले. "तुझ्याकडे कुणाची आहे?"

"भिवा घाडीची."

"वाच."

बकुळा उभी राहिली, ताठ. मला ते उभं राहणं ओळखू आलं. "माझ्या वालाला दोन पानं आली," ती खिडकीतल्या करवंट्यांकडे बघून म्हणाली. मग डोळे वर छताकडे गेले. "ती पानं मोठी होऊन त्यांना खूप वाल लागले आणि सर्वांना आनंद झाला."

"ए, मी असं लिहिलंच नाय," भिवा उठून म्हणाला. "माझ्या वालाला कुठे वाल लागले? खोटं वाचते ही, गुरुजी."

वर्गात खसखस पिकली. आता हे तिला बोलणार, आणि मी आत धावणार, असं मला वाटलं. गुरुजी टेबलावरच्या करवंटीतली माती बोटाने सारखी करत होते. त्यांनी वरही पाहिलं नाही. "पाटी भिवाची आहे," ते म्हणाले. "काय झालं ते त्याला माहीत. आपल्याला माहीत नाही, म्हणून तर वाचायचं. काही घाई नाही, बकुळा."

बकुळा खाली बघू लागली. बोट पाटीवर टेकवलं. भिवा तिच्या बोटाकडे बघत होता, आपलंच गुपित बाहेर पडतंय असा. "ए... एक. एक पान. उं... उं... द... उंद... उंदराने. उंदराने खा... खाल्लं." मग तिने मान वर केली आणि भिवाकडे बघून विचारलं, "खरंच? उंदराने?"

"मग? रात्री आला होता," भिवा म्हणाला.

आता सगळा वर्ग हसला, पण उंदराला. बकुळाही हसली. मी खिडकीच्या गजाला धरून उभी होते. माझ्या मुलीने आयुष्यात पहिल्यांदा एक वाक्य वाचलं होतं, आणि ते भिवा घाडीच्या अक्षरात होतं.

सुट्टी झाल्यावर मी आत गेले. भांडायला आलेले शब्द तोंडात तसेच होते, ते कुठे ठेवावेत कळेना. मी एवढंच म्हटलं की टकळी आणि वाल तर अर्जाप्रमाणे बंद व्हायला हवे होते.

"अर्ज मी तीनदा वाचला, बाई," गुरुजी म्हणाले. "तुमचं अक्षर सुरेख आहे. सगळा वेळ वाचनाला आणि गणिताला द्यावा, असं त्यात आहे. दिला आहे. काय वाचावं आणि काय मोजावं, ते तुम्ही लिहिलेलं नाही."

मला हसू आलं आणि रडूही. त्यांनी मला विद्यार्थ्याच्या बाकावर बसायला सांगितलं आणि समोर उभं राहून, फळा पुसता पुसता, जे सांगितलं ते मी जन्मभर विसरणार नाही. ते म्हणाले की या चाळींतली मुलं कानांनी वाचतात. घरी पेपर ऐकायचा, पत्र ऐकायचं, पोथी ऐकायची. एक वाचणारा, वीस ऐकणारे. कान इतके तयार होतात की डोळ्यांवर वेळच येत नाही. पुस्तकातला धडा चार वेळा ऐकला की तो पाठ, मग वाचायला उरतं काय? घरी तुम्ही कसं घेता, असं त्यांनी विचारलं. मी एक ओळ वाचते, ती म्हणते, हे सांगताना माझा आवाज इतका बारीक झाला की मला पुन्हा सांगावं लागलं.

"मीही तिसरीपर्यंत कानानेच पास झालो," गुरुजी म्हणाले. "मग आमच्या वस्तीतली गावाकडून येणारी पत्रं वाचायचं काम माझ्या गळ्यात पडलं. कुणाची म्हैस मेली, कुणाचं लग्न ठरलं, ते आधीच पाठ कसं असणार? आणि चुकीचं वाचलं तर ज्याची म्हैस तो समोर बसलेला."

फळा पुसायचं फडकं त्यांनी टेबलावर ठेवलं. "तुमचा अर्ज सगळाच चुकीचा नव्हता, हेही सांगतो. मी नकाशात, गाण्यात, टकळीत रमणारा माणूस. मुलं खूश, मी खूश. अर्ज आल्यावर मी एकेकाला जवळ बसवून पाहिलं. बेचाळीस मुलांत चौदा जणांना वाचता येत नव्हतं. चौदा. तुम्ही लिहिलं नसतं तर मी मोजलं नसतं."

घरी येताना मला वाटत होतं, धावत जावं आणि कुणाला तरी हे सांगावं. सांगायच्या आधीच जिन्यात सीताराम भेटला. भिवाच्या खिशात सुताची गुंडी सापडली होती. तो केळुसकरांकडे तक्रार करून आलाही होता.

दुसऱ्या दिवशी हेडमास्तरांनी मला बोलावलं. सीताराम खुर्चीत बसला होता, गुरुजी भिंतीशी उभे होते. केळुसकरांनी एक कागद तयार ठेवला होता. अर्जाप्रमाणे अंमलबजावणी झालेली नाही, अशी तक्रार. खाली अर्जदार म्हणून माझ्या सहीची जागा. वर ऑफिसात जाईल, पुढे काय ते तिथले लोक बघतील, असं ते म्हणाले. पुढे काय म्हणजे बदली, किंवा सर्व्हिसबुकात शेरा, हे मला न सांगताही कळलं. गुरुजी माझ्याकडे बघत नव्हते. अडतीस नावांपैकी कुणी काय म्हणून सही केली होती, ते मला माहीत होतं. त्यांनाही असणार.

"मी सही करणार नाही," मी म्हटलं. "अर्ज मी लिहिला आणि तो चुकला होता."

"मग आम्ही सह्या-अंगठे दिले ते गंमत म्हणून?" सीताराम उठला. आंदोलनातल्या घोषणांनी त्याचा घसा आधीच बसलेला. "वहिनी, तुम्ही बी. ए., म्हणून डोळे मिटून मागनं आलो. आता तुम्हीच फिरलात तर आम्ही बघायचं कुणाकडे?"

तो चुकीचं बोलत नव्हता. मी त्याला म्हटलं, तुझ्या भिवाने काल एक वाक्य लिहिलं, ते माझ्या मुलीने वाचलं, मी स्वतः पाहिलं. त्याने हात झटकला, एक वाक्य. केळुसकर घड्याळाकडे बघत होते. मी त्यांना विनवलं की परीक्षेपर्यंत थांबा, तोंडी परीक्षा दुसऱ्या शाळेतल्या बाई घेणार आहेत, न पाहिलेल्या पुस्तकातलं वाचायला देतात, तेव्हा काय ते दिसेल.

"आणि तुमचीच मुलगी नापास झाली तर?" केळुसकरांनी विचारलं.

"तर मी सही करीन."

बोलून गेले. एका माणसाची नोकरी मी माझ्या आठ वर्षांच्या मुलीच्या जिभेवर नेऊन ठेवली होती, दोघांनाही न विचारता. गुरुजींनी पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं. "चालेल," एवढंच म्हणाले.

यांना सांगितलं तेव्हा यांचा घास हातात राहिला. म्हणाले, मला विचारायचं तरी होतंस. पण दुसऱ्या संध्याकाळी पेपर उघडल्यावर यांनी मोठ्या अक्षरातला मथळा बकुळेपुढे धरला आणि आपण गप्प बसले. बकुळा बोट ठेवून एकेक अक्षर लावू लागली. गॅलरीत चुळबूळ सुरू झाली. कठड्यावरून सीताराम म्हणाला, "हिचा मथळा संपेपर्यंत मुंबई मिळेल आपल्याला." सगळे हसले. तरी यांनी मथळा तिच्या तोंडून पुरा होऊ दिला, आणि मगच खालची बातमी स्वतः वाचली. पुढे रोज तसंच.

मी घरची शाळा बंद केली. सात आठवडे मी तिला एक ओळही वाचून दाखवली नाही. तिने विचारलं तर अक्षर सांगायचं, शब्द नाही, असं गुरुजींनी बजावलं होतं. भूगोलाचा तास पुन्हा उघडपणे लागला नव्हता, पण ती घरी येऊन सांगायची की आज आम्ही कुलाब्यापासून माहीमपर्यंतचा किनारा वाचला. किनारा कसा वाचतात, मी विचारायची. नावं लिहिलेली असतात ना आई, ती म्हणायची, जणू मलाच काही येत नाही.

परीक्षेच्या दिवशी व्हरांड्यात आम्ही पाच-सहा बायका होतो. परीक्षक कमलाबाई म्हणून होत्या, जाड भिंगांच्या, कडक इस्त्रीच्या पांढऱ्या पातळातल्या. बकुळेचं नाव पुकारलं. बाईंनी एक पुस्तक उघडून तिच्यापुढे सरकवलं. मला लांबून एवढंच दिसलं की पानावर चित्र नव्हतं.

ती वाचू लागली. पूर्वीसारखं घडाघडा नाही. बोट ठेवून, अडखळत, शब्दाशब्दाला टेकत. समुद्र, रात्र, एक होडी, होडीत बाप आणि मुलगा. चौथ्या ओळीत ती थांबली. डोळे वर गेले. छताकडे. मी पदर तोंडात धरला. आता होडीवर प्रचंड सभा भरणार, अध्यक्षांची निवड होणार.

बकुळेने मान खाली केली. "बाई, हा शब्द मला येत नाही," ती म्हणाली.

कमलाबाईंनी पेन्सिलीने काहीतरी टिपलं. "ठेव तो. पुढे वाच."

ती पुढे गेली. खडक आले, खडकांवर आपटणाऱ्या लाटा आल्या, दूरवर फिरत जाणारा उजेड आला, आणि बाप मुलाला म्हणाला की आता भिऊ नकोस, आपण किनाऱ्यापाशी आलो. तिथे बकुळा पुन्हा थांबली. बोट उचलून मागे नेलं, चौथ्या ओळीवर. ओठ हलले.

"दीपगृह," ती म्हणाली. "बाई, तो मागचा शब्द दीपगृह आहे. आमच्या नकाशात कुलाब्याच्या टोकाच्या पुढे पाण्यात आहे ते."

"कुणी सांगितलं तुला, आत्ता?"

"कुणी नाही. खडक आले आणि उजेड आला, म्हणून मी परत जाऊन बघितलं."

कमलाबाई चष्म्यावरून तिच्याकडे बघत राहिल्या. मग त्यांनी मागे उभ्या असलेल्या मर्चंडे गुरुजींकडे मान वळवली आणि विचारलं की या मुलांना भूगोल रोज असतो का. गुरुजी काही बोलायच्या आत दारात उभे असलेले केळुसकर म्हणाले, "असतो. म्हणजे, आता असेल."

बकुळा पास झाली. पहिली-दुसरी नाही, वर्गात सव्विसावी. भिवाही पास झाला, तिच्या पुढे दोन नंबर. गॅलरीत एकदा पेपर चालू असताना सीतारामने भिवाला पुढे ढकललं आणि म्हणाला, एक मथळा आमचापण. जूनपासून शाळेचं वेळापत्रक पुन्हा बदललं. सकाळचे पहिले दोन तास वाचन-गणित, वर्गातलं कच्चं मूल कोण ते दर महिन्याला पाट्या फिरवून बघायचं. त्यानंतर भूगोल, चित्रकला, गाणं, टकळी, वाल, सगळं. गुरुजीही मुलांबरोबर चौथीला आले. त्या वर्षीच्या दसऱ्याला ते नागपूरला जाऊन आले, बुद्धाला शरण जाऊन आले. आल्यावर मुलांना त्या वाटेवरच्या स्टेशनांची नावं वाचायला दिली: इगतपुरी, भुसावळ, बडनेरा, वर्धा. बकुळेने ती आम्हाला म्हणून दाखवली नाहीत, लिहून आणली.

निकालाच्या दुसऱ्या दिवशी मी त्यांचे आभार मानायला गेले होते. नारळ आणि साखर घेऊन गेले होते. बोलायचं खूप ठरवलं होतं, सह्या गोळा करताना मी काय ऐकलं आणि काय बोलले नाही, तेही. त्यांनी नारळ टेबलावर ठेवला, मला पाणी दिलं, आणि मी सुरुवात करायच्या आत खणातून एक कागद काढून माझ्यापुढे ठेवला. वर लिहिलं होतं चौदा. खाली आठ नावांवर रेघा मारलेल्या, सहा उरलेली.

"ह्या सहांना सुट्टीत कुणी नाही," ते म्हणाले. "मला एकट्याला होत नाही. शनिवारी सकाळी याल का?"

मी गेले. सुट्टीभर दर शनिवारी गेले, आणि शाळा उघडल्यावरही जात राहिले. पहिल्या दिवशी एक मुलगी समोर बसली, हातात दुसऱ्याची पाटी, बोट एका शब्दावर अडलेलं. तिने माझ्याकडे बघितलं. शब्द माझ्या ओठावर आला होता, सांगून टाकला असता तर दोघींची सुटका झाली असती. मी तोंडावर हात ठेवला आणि थांबून राहिले. तिने पुन्हा खाली बघितलं.